बाईजाची चुकलेली मात्रा

या, असे जवळ सरका. टाळ ठेवा जरा खाली. बुवा यायला अवकाश आहे, तोवर एक गोष्ट सांगतो. देवाधर्माची नाही, डोळखांबकडच्या एका पाड्यावरच्या नवरा-बायकोची आहे. पण माझ्या लेखी ती हरिकथाच.

"पडलं का गो?" वाळू विचारायचा.

"पडलं. तीन," बाईजा सांगायची.

पडलेलं काही नसायचं. सोंगट्यांच्या डावात टाकायचे फोडलेले चार चिंचोके त्याच्या उजव्या तळहातावर तसेच असायचे. मग बाईजाच हळूच त्याचं मनगट कलंडवायची. तो हाताकडे बघतच नसे, भिंतीवर टांगलेल्या मृदुंगाकडे बघे.

भात झोडून झालं की पौषात त्या पाड्यावर माणूस उरत नाही. पोरं भिवंडीकडे कामाला जातात, त्यांचा मुलगा सुनीलही तिकडेच. डोंगराची सावली लवकर अंगणात उतरते आणि मग घरात कोंडून बसण्यावाचून काही उरत नाही. त्यात दिवाळीनंतर वाळूच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. शहापूरच्या डॉक्टरांनी हाताला काहीतरी चाळा ठेवा म्हणून सांगितलं. मग बाईजाने सारवलेल्या भुईवर चुन्याने चल्लस-आठचा पट काढला. तिच्या सोंगट्या बांगडीच्या काचा, त्याच्या वालाचे दाणे. घर सारवताना ती पटाला हात लावत नसे, भोवतीने सारवायची.

शेजारची धाऊ हसायची, म्हातारपणी भातुकली मांडली म्हणायची. बाईजा म्हणे, भातुकलीतला नवरा निदान गप्प बसतो, हा घरं मोजताना भांडतो.

खरं तर त्या डावात हारजीत होतच नसे. चल्लस-आठचा नियम असा, की समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही. आणि वाळू मारत नसे. माळकरी माणूस, कुणाला मारून आत जायचं ते घर कसलं, म्हणायचा. मग बाईजाही मारत नसे. दोघांच्या सोंगट्या बाहेरच्या बाहेर फिरत राहायच्या. हिवाळा तेवढा सरत होता.

वाळूला ध्यास एकच. माघातल्या सप्त्यापर्यंत हात उठायला हवा. मिसरूड फुटल्यापासून गावच्या हरिपाठाला मृदुंग त्याचाच होता.

सप्ता तोंडावर आला तेव्हा भजनी मंडळाचे देवरामबुवा घरी आले. चहा घेतला, थंडीचं बोलले, वालाच्या फुलोऱ्याचं बोलले. मृदुंगाचं नाव काही तोंडातून निघेना. शेवटी वाळूच म्हणाला, "न्या बुवा. पुडीवरची शाई सुकंल त्याची."

सप्त्यापुरता नेतो, शेणव्याचा दीपेश वाजवील, मग परत आणून टांगतो, असं काहीतरी बुवा पुटपुटले. मृदुंग गेला. चुलीच्या धुराने काळवंडलेल्या भिंतीवर खुंटीखाली तेवढी जागा पांढरी राहिली.

पहिल्या संध्याकाळी कर्ण्यावरून हरिपाठ घरात ऐकू येऊ लागला. दीपेशचा हात चांगला होता. वाळूचा डावा हात भुईवर ठेका धरत होता. उजवा मांडीवर पडून होता, कुणी तिथे विसरून गेल्यासारखा.

बाईजा पटाशी बसली. वाळूचा एक दाणा तिच्या काचेपुढे, बरोबर तिसऱ्या घरात होता. फुलीचं घर असतं तर तो वाचला असता. हे तसलं नव्हतं.

"मला मार गो," वाळू म्हणाला.

"गप ऱ्हावा."

"मी काय आता आत जात नाय. तू तरी जा. माझ्यापायी किती भोवतीनं फिरशील?"

तिने चिंचोके टाकले. तीन पडले, खरेच तीन. तिने काच उचलली आणि लहान पोरं चुकतात तशी, काच उभी होती त्या घरापासूनच मोजू लागली. एक, दोन, तीन. काच दाण्याच्या मागच्या घरात येऊन थांबली.

जन्मभर मात्रा मोजलेला माणूस तो. पटाकडे बघत राहिला.

"मात्रा चुकली तुझी."

"चुकूदे. टाका तुमी."

तिने चिंचोके त्याच्या तळहातावर ठेवले. त्याने सवयीने मान भिंतीकडे वळवली. मग तिने त्याचं मनगट कलंडवलं.

बुवा आले वाटतं. घ्या टाळ. एवढंच मागणं आहे: भजनात कुणाची मात्रा मागे राहिली, तर वळून बघू नका. बाईजाला आठवा.