दुसरं हरण

मी एक जुनी पांढरी मोटार आहे. जुनी म्हणजे किती, तर माझ्या मागच्या सीटला जो वास आहे तो आता कोणी काढायला जात नाही, त्याला घरातलाच एक माणूस समजतात. मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्याने आधी आपल्या जन्माबद्दल बोलावं अशी रीत आहे. माझा जन्म कारखान्यात झाला, तिथे फार आवाज होता आणि मला कोणी काही विचारलं नाही. झालं.

मला घरी आणलं एका दंतवैद्यांनी. विक्रेत्याने त्यांना लाल दाखवली, निळी दाखवली, चंदेरी दाखवली. डॉक्टर म्हणाले, "पांढरी द्या. पांढऱ्यावर कीड लगेच दिसते." विक्रेत्याने हसून तोंडावर हात धरला. दंतवैद्यासमोर बरेच लोक तसेच हसतात.

डॉक्टर मनाचे मोठे, हाताचे हलके. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "काही होत नाही." सुई टोचण्याआधी ते हे वाक्य म्हणत आणि पेशंट किंचाळल्यावरही म्हणत. दर रविवारी ते मला अंघोळ घालत. माझ्या पुढच्या जाळीच्या फटी दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करत आणि शेजाऱ्यांना ऐकवत, "हिच्याइतकी निगा माझ्या एकाही पेशंटने राखलेली नाही." तेव्हा मला फार अभिमान वाटे. त्यांच्या मुलीला, बबडीला, मी शाळेत सोडलं, कॉलेजात सोडलं. पुढे ती रक्त तपासायचं शिक्षण घेऊन चांगली मोठी झाली, तरी घरात तिचं नाव बबडीच राहिलं.

बबडीची आई मात्र कायम मागे बसायची. "पुढे बसलं की सगळं दिसतं हो," असं ती म्हणे. वळण आलं की ती डोळे मिटून घ्यायची आणि गाडी थांबली की उघडायची. या जगात मी कुठेकुठे हिंडले हे तिला विचाराल तर ती फक्त गाडी लावायच्या जागा सांगू शकेल.

आता भीतीची गोष्ट सांगते.

बबडीला शेजारच्या गावातल्या हॉस्पिटलात नोकरी लागली. सोमवारपासून कामावर हजर व्हायचं होतं. सकाळी त्या वेळेला बस नाही आणि रस्ता जंगलातून जातो. म्हणजे बबडीने मला चालवत न्यायचं किंवा नोकरी सोडायची, दोनच वाटा. आईने सांगून टाकलं होतं, "तिचा हात नीट बसलाय हे मी स्वतः बघीन, मगच जाऊ देईन. नाही बसला तर नोकरी गेली उडत." आणि ती आठवडाभर बहिणीकडे गेली. बापलेकींनी ठरवलं, तेवढ्यात सराव करून घ्यायचा.

एका संध्याकाळी आम्ही जंगलातल्या रस्त्याने परतत होतो. ऊन गेलं होतं, पण अंधार अजून झालेला नव्हता. त्या वेळी माझे दिवे लावले काय नि न लावले काय, सारखंच. अचानक डावीकडून एक हरण रस्त्यावर आलं. बबडीने अगदी वेळेवर ब्रेक दाबला. हरणाने आमच्याकडे एकदा बघितलं आणि टुणकन उडी मारून ते पलीकडे गेलं.

"शाब्बास!" डॉक्टर म्हणाले. "बघितलंस? गेलं. चल आता, काही होत नाही."

बबडीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि ॲक्सिलरेटरवर पाय दाबला.

मित्रांनो, हरणं एकेकटी फारशी फिरत नाहीत. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुसरं हरण मला दिसलं ते माझ्या डाव्या दिव्याच्या इतकं जवळ, की त्याच्या डोळ्यात मला मीच दिसले. पांढरी, मोठी आणि धावत येणारी. मी इतकी भयानक दिसते हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मग धडक. तो आवाज मोठा नव्हता, मऊ होता. म्हणूनच तो अजून माझ्या पत्र्यातून गेलेला नाही.

नंतर सगळं शांत. फक्त माझा वायपर आपोआप सुरू झाला आणि कोरड्या काचेवर कुरकुरत राहिला.

हरण रस्त्यावर पडलं होतं. थोड्या वेळाने ते उठलं. एक पाय वर धरून ते तीन पायांवर चर ओलांडून झाडांत शिरलं. बबडी त्याच्या मागे धावली आणि काट्यांपाशी थांबली. परत आली तेव्हा तिचे दात वाजत होते. तिने वनरक्षकाला फोन केला, जागा सांगितली. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला की माग ओढ्यापर्यंत लागला, पुढे लागला नाही. याचा अर्थ बबडीने कधी चांगला लावला, कधी वाईट.

माझं म्हणाल तर डावा दिवा फुटला होता, जाळीचे तुकडे झाले होते आणि बंपर एका बाजूने लोंबत होता. पण खरी दुखापत आत होती. बॉनेट धरून ठेवणारा खटका आणि त्याच्या जोडीचा आकडा, दोन्ही वाकले होते. त्या आकड्याचं काम साधं असतं. धावताना वाऱ्याने बॉनेट उघडू द्यायचं नाही. तो धड नसेल तर गाडी म्हणजे तोंड उघडं ठेवून पळणारं माणूस. डॉक्टरांनी बॉनेट दोरीने बांधलं आणि आम्ही रांगत घरी आलो.

"आईला सांगायचं?" बबडीने विचारलं.

"वेडी आहेस का? नोकरी जाईल तुझी."

गॅरेजवाल्याने फोनवर सांगितलं, हातातली कामं उरकल्यावर बघतो, पुढचा आठवडा उजाडेल. आई तर रविवारी येणार होती. डॉक्टर माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांनी माझी फुटकी जाळी बोटाने हलवून बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, हे पुढचे दात पडलेत. मी दिवसभर दुसरं करतो काय?"

मित्रांनो, त्यानंतर माझ्यावर जे उपचार झाले ते आजवर कुठल्याही मोटारीवर झाले नसतील. डॉक्टरांनी दवाखान्यातून पेटी आणली. जाळीच्या शाबूत बाजूचा ठसा घेतला आणि त्यावरून तुटलेली बाजू ओतली. दिव्याच्या काचेचे तुकडे जुळवून फटी भरल्या आणि निळ्या दिव्याखाली कडक केल्या. पत्र्यावरचे खळगे दात भरायच्या, लवंगेच्या तेलात कालवलेल्या सिमेंटने बुजवले. मग रंग जुळवायला दातांच्या छटांची पट्टी आणून एकेक दात माझ्या बॉनेटशी धरून बघितला. मी दिवसातून बराच चहा पिणाऱ्या माणसाच्या छटेची निघाले. शेवटी त्यांनी बॉनेट मिटलं, ओठाशी सिमेंटचा जाड थर दिला आणि दाबून धरलं. सवयीने मला म्हणालेसुद्धा, "दोन तास काही चावायचं नाही."

दिसायला मी झकास दिसत होते. आतून माझा थरकाप होत होता. माझं तोंड आकड्याने मिटलेलं नव्हतं, चिकटवलेलं होतं.

बबडी जवळ आली. "बाबा, आत काही वाकलं नसेल ना? बघायला नको?"

"सोमवार जाऊ दे. मग नेऊच ना गॅरेजला. चार दिवसांनी काय होतंय?"

"तुमचे पेशंट असं म्हणतात तेव्हा तुम्ही केवढे ओरडता."

"त्यांचे दात असतात. ही गाडी आहे," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

रविवारी आम्ही आईला आणायला गावाबाहेरच्या स्टेशनवर गेलो. बबडी चालवत होती. जाताना एका संथ ट्रकच्या मागे रांगावं लागलं म्हणून निभावलं. येताना मात्र रस्ता मोकळा होता आणि मागे आई बसली होती. म्हणजे परीक्षा सुरू झाली होती.

"लवंगेचा वास कसला येतोय?" आईने बसता बसता विचारलं.

"दवाखान्यातून सरळ आलो ना," डॉक्टर म्हणाले.

"रविवारी?"

डॉक्टरांनी खिडकीची काच खाली केली.

बबडीने वेग वाढवला. वारा माझ्या ओठाखाली शिरू लागला. मला सिमेंट तडकल्याचं जाणवलं, आधी डावीकडे, मग मधोमध. मी ओरडणार कशी? माझ्याकडे होते ते सगळे दिवे मी लावले. तेलाचा लावला, बॅटरीचा लावला, पट्टा बांधला नसल्याचाही लावला. डॉक्टरांनी त्या दिव्यांच्या काचेवर टिचकी मारली.

"म्हातारी झालीय. उगाच दिवे लावत बसते. काही होत नाही."

त्याच क्षणी समोरून एक मोठी बस सुसाट गेली. तिच्या वाऱ्याचा फटका बसला, थर तुटला आणि माझं बॉनेट फाडकन उघडून काचेवर आपटलं.

गाडीत अंधार झाला. समोर रस्ता नाही, आकाश नाही, नुसता पत्रा. माझ्या इतक्या वर्षांच्या आयुष्यात मी चौघांना एकदम इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. चौथी मी.

"ब्रेक! ब्रेक! करकचून दाब!" डॉक्टर ओरडले.

बबडीने करकचून दाबला नाही. मागून येणाऱ्याचा हॉर्न तिला ऐकू येत होता. तिने पाय हलकेच उचलला, बाजूची काच खाली केली आणि मान बाहेर काढली. एका डोळ्याने रस्त्याची कड बघत, दिवा दाखवत, तिने मला इंच इंच बाजूला घेतलं. मी सरळ चालले. खडीवर चाकं कुरकुरली आणि मी थांबले.

मग मागचं दार उघडलं. आई उतरली, दाराला धरून जरा उभी राहिली आणि समोर आली. माझ्या ओठावरचा तुकडा तिने नखाने खरवडला, नाकाशी नेला.

"अहो, हे तुमचं सिमेंट आहे."

"म्हणजे त्याचं काय झालं—" डॉक्टर बोलू लागले.

"काही होत नाही म्हणू नका. आज नको."

बबडी माझ्याच दाराला टेकून रडत होती. "आई, मी हरणाला धडक दिली. पहिलं गेलं म्हणून मला वाटलं, संपलं. ते तीन पायांवर गेलं गं. मी नाही जात नोकरीला. मी परत गाडीला हात नाही लावणार."

आई गाडीतून आपली बॅग ओढून तिच्यावर बसली.

"समोर काही दिसत नव्हतं ना तुला?"

"नाही."

"आणि हे शेजारून भलतंच ओरडत होते."

"हो."

"मी डोळे मिटले होते," आई म्हणाली. "थांबलीस तेव्हा उघडले. तर आपण तिघं जिवंत. हात बसलाय तुझा." मग ती डॉक्टरांकडे वळली. "मला गाडीची भीती वाटते, खरंय. पण तुम्ही दोघं गोड हसून काही झालं नाही म्हणता ना, त्याची जास्त वाटते. तोंड वासून आलेल्या माणसाला किडीबद्दल रागावता आणि स्वतःच्या पोरीला चुन्याच्या दातावर रस्त्यावर पाठवता?"

डॉक्टर खाली बघत म्हणाले, "चुकलं."

"हॉस्पिटलला फोन कर, बबडे. हरणाला धडकले, गाडी दुरुस्त झाली की येते, असं खरं खरं सांग. थांबतील तर थांबतील."

ते थांबले.

मला क्रेनने गॅरेजात नेलं. माझे दात बघून गॅरेजवाल्याने सगळ्या कामगारांना बोलावलं. मात्र डॉक्टर आत आले तसा तो गप्प झाला आणि गालावर हात ठेवून लांबच उभा राहिला, कारण त्याची दाढ दुखत होती. दोघं बराच वेळ एकमेकांना घाबरून होते. नवा खटका बसला, नवा आकडा बसला. डावा दिवा दुसऱ्या गाडीचा मिळाला, तो जरा पिवळसर आहे. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला तपकिरी केसांचा झुबका निघाला, तो बबडीने मागून घेतला. तो अजून माझ्या खणात आहे, कंगव्याशेजारी.

बबडी कामावर जाऊ लागली. पहिला आठवडाभर आई बरोबर आली आणि पुढे बसली. अजूनही अधूनमधून येते, पुढेच बसते. डॉक्टरांना जायचं असलं की ते मागे.

मित्रांनो, गाडी पुसता तेव्हा बॉनेट उघडून आतही बघत जा. आमच्यापैकी एखादी मुकाट दिवे लावत असेल, तर तिला टिचकी मारू नका, विचारा. आणि आम्ही ज्यांच्या अंगावर धावून जातो त्यांना आम्ही कशा दिसतो, हे एकदा त्यांच्या जागी उभं राहून बघा. मी बघितलं आहे.

परवा जंगलात त्याच जागी एक हरण आडवं आलं. बबडीने ब्रेक दाबला. हरण उडी मारून पलीकडे गेलं. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. बबडीचा पाय हलला.

आईने दोन्ही हातांनी दारावरची मूठ धरली होती. चेहरा पांढराफटक पडला होता. पण डोळे सताड उघडे होते.

"थांब," ती म्हणाली. "दुसरं जाऊ दे."