एका कानाचा नंदी

मी एक जुनी छिन्नी आहे. अचूक सांगायचे तर जुन्या छिन्नीचा उरलेला अर्धा भाग आहे. मित्रांनो, दुसरा अर्धा कुठे गेला हे सांगितल्याशिवाय माझे आयुष्य सांगून होणार नाही.

माझा जन्म सुखाचा नव्हता. ट्रकच्या तुटलेल्या कमानपाट्याचे पोलाद सोलापूरच्या एका लोहाराने भट्टीत लालबुंद केले, ऐरणीवर ठेचले आणि धारेला पाणी दिले, म्हणजे तापलेले टोक एकदम पाण्यात बुडवले. त्याने टोक कठीण होते आणि ठिसूळही होते. यांपैकी एकच गुण निवडण्याची सोय पोलादात नाही.

मला विकत घेतले जवळच्या कुंभारी गावच्या वीरभद्रप्पांनी. ते पाथरवट. पोटासाठी पाटे, वरवंटे आणि समाधीचे दगड घडवत. माझे काम सोपे होते: डोक्यावर हातोडा खायचा आणि तोंडाने काळा पाषाण फोडायचा. वर्षानुवर्षे मार खाऊन माझे डोके चेचले गेले आणि छत्रीसारखे पसरले. माझी तक्रार नाही. घाव न घालता दगडाला आकार आल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

गावात आमचे कौतुक होते. “वीरभद्रप्पाचा पाटा म्हंजे नातवंडांनाबी पुरंल,” असे लोक म्हणत. मात्र आमचे खरे काम त्यांना ठाऊकच नव्हते. कामाच्या छपरामागे, गोणपाटाखाली, वीरभद्रप्पा स्वतःच्या हौसेने नंदी घडवत. प्रत्येक नंदीत त्यांना खोट दिसे. एकाचे खूर जाड, दुसऱ्याची मान आखूड. मग ते घण उचलत. भंगलेली मूर्ती पुजत नाहीत, हा रिवाज त्यांनी थोरांकडून ऐकला होता. मनातल्या चित्राशी न जुळणारी प्रत्येक मूर्ती भंगलेलीच, ही भर त्यांची स्वतःची. पहिल्या घावात तोंड जाई, दुसऱ्यात पाठ. मागच्या कुंपणाशी खुरांचा, वशिंडांचा, नाकपुड्यांचा ढीग साचला होता. तिथे कत्तल झाली असे एखाद्याला वाटले असते, तर त्याचे चुकले नसते.

यंदाचा नंदी निराळा होता. त्याच्या गळ्यातली घुंगरमाळ मी आठवडेच्या आठवडे कोरली. मान किंचित वळलेली. कुणीतरी हाक मारल्यासारखी. वीरभद्रप्पांची मुलगी दानेश्वरी कॉलेजातून आली की आधी गोणपाट उचलून बघे.

“अप्पा, हा तरी लोकांना दाखवा की.”

“पुरा हू दे. मग बघू.”

पुरा म्हणजे नेमका किती, याची व्याख्या त्यांनी कधीच दिली नाही.

डाव्या कानाची शेवटची कड काढताना तो कान मुळापासून निखळला आणि खाली पडून दुभंगला. आत बोटभर पोकळी होती. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होताना तिथे वायूचा बुडबुडा अडकला होता. दोष असलाच तर त्या बुडबुड्याचा.

आवाज ऐकून वीरभद्रप्पांची बायको ईरम्मा बाहेर आली. “आज अमावास्या हाय, दगडाला हात लावू नका म्हणलं होतं की मी!”

अमावास्येचा पाषाणाच्या बांधणीवर परिणाम होतो, असा पुरावा मला आढळलेला नाही. पण वीरभद्रप्पांना कोणतेच कारण ऐकायचे नव्हते. त्यांनी मला नंदीच्या पाठीवर टाकले आणि घण उचलला.

“अप्पा, बेड! नको!” कानडी-मराठी एकदमच ओरडत दानेश्वरीने धावत येऊन नंदीच्या तोंडाला मिठी मारली.

“सर बाजूला.”

“न्हाई सरत. आधी माझं डोकं फोडा, मग ह्याचं.”

“भंगलाय तो. लोक हसतील.”

“हसू देत की! हसायला तरी कुणाला दावलंय का तुमी आजवर?”

हा घाव माझ्याहून धारदार होता. वीरभद्रप्पांचा चेहरा काळवंडला. त्यांनी नेम बदलला: तोंड नव्हे, वशिंड. घण खाली येऊ लागला आणि तिने तिथेही हात घातला. एवढे वजन सुटल्यावर मन बदलले तरी थांबत नाही. त्यांनी जिवाच्या आकांताने मनगट वळवले. घण तिच्या हातावरून हुकला आणि माझ्यावर आडवा बसला. माझे दोन तुकडे झाले. टोकाकडचा तुकडा उडाला आणि तिच्या दंडात घुसला. घुंगरमाळेच्या खाचांतून रक्त ओघळले.

ईरम्माच्या किंकाळीने आळी गोळा झाली. घण टाकून वीरभद्रप्पा मुलीला उचलून रिक्षाकडे धावले. सोलापूरला दवाखान्यात तिला टाके पडले. इकडे नंदी उघडाच राहिला. झाकायचे कुणाला सुचले नाही.

दिवस कलताना बापलेक परतले, तर नंदीभोवती गर्दी. वीरभद्रप्पांनी कुणाकडे न बघता गोणपाट उचलले.

“झाकतोस कशाला?” मेंढरे राखणारे म्हातारे धुळाप्पा म्हणाले.

“कान गेलाय, काका.”

“त्ये दिसतंय की. आंधळा न्हाय मी. आरं, आमी तर मेंढरांचं कान मुद्दाम कापतो. न्हायतर एवढ्या खांडव्यात आपलं जित्राब वळखायचं कसं? आता ह्यो कुटंबी ठिव. लोक म्हणतील, ह्यो वीरभद्रप्पाचा.”

कुणीतरी हसले. मग सगळेच हसले. वीरभद्रप्पांनी मान खाली घातली. गोणपाट अजून हातातच होते.

“अप्पा,” दानेश्वरी म्हणाली, “माझ्याबी हाताला आता वण राहणार. मलाबी झाकून ठेवणार का?”

गोणपाट खाली पडले.

आज तो नंदी गावच्या रस्त्यालगत, मेंढरांच्या पाणवठ्याशी उभा आहे. पोरे त्याच्या पाठीवर बसतात, शेळ्या त्याला अंग घासतात. अक्कलकोटला जाणारे कुणी थांबून कानाबद्दल विचारते. वीरभद्रप्पा जवळ असले तर पळत नाहीत. “तुटला,” ते सांगतात. “मी तसाच ठिवला.”

मी खिळ्यांच्या डब्यात पडून आहे. मला टोक नाही, कुणी काढत नाही, गंज चढतो आहे. तेल लावा, असे मी म्हणणार नाही. त्याने टोक उगवत नाही. मागणे एवढेच आहे, मित्रांनो. तुमच्या हातून काही घडले आणि थोडे बिघडले, तर ते उजेडात ठेवा, बघणाऱ्यांना बघू द्या. हसणारे हसून घरी जातील. घण मात्र उचलू नका. त्याच्याखाली कुणाचा हात येईल, हे उचलताना कळत नाही.