दोष फरशीचा

मोहाडीच्या कुसुमताईंचा हात बाथरूममध्ये पाय घसरून मोडला. पण हातापेक्षा जास्त लागलं ते पुढचं बोलणं. भेटायला येणारा प्रत्येकजण प्लास्टरकडे बघे आणि एकच सांगे, "पाहून चालायचं न बाप्पा." शेजारच्या रुखमिणीने चष्म्याचा नंबर तपासायला सांगितला. नवऱ्याने, लक्ष्मणरावांनी, सगळा ठपका घाईवर ठेवला. मुलगा भूषण तर रागावलाच, "आई, तुले किती वेळा सांगतलं, हळू जात जा म्हणून!" फरशीला कोणी काही म्हणेना.

ती फरशी भूषणने हौसेने बसवली होती. त्याचा कोशाच्या रेशमी साड्यांचा व्यापार. त्यापायी नागपूरला जाणं-येणं व्हायचं, तिथल्या एका हॉटेलात त्याने पांढऱ्या, चकचकीत, मोठमोठ्या टाइल्स पाहिल्या आणि तशाच घरी आणल्या. कोरडी असली की त्या फरशीत तोंड दिसे. साबणाचं पाणी पडलं की तिच्यावर पाय ठरत नसे. कुसुमताईंनी हे सांगून पाहिलं होतं. भूषण म्हणाला होता, "सवय नाई न तुले."

हात मोडल्यावर त्याने उपाय सुरू केले. आधी रबराची चटई आणली. तिच्याखाली बुळबुळीत थर साचला आणि चटईच माणसाला घेऊन सरकू लागली. मग एक औषध आणलं. फरशीवर चोळलं की पाय घट्ट राहतो म्हणे. घरभर वास सुटला, पाय होता तसाच घसरत राहिला. शेवटी भिंतीत धरायला दांडा बसवायचं ठरलं. ड्रिल लावताना भिंतीची टाइल तडकली, तर भूषण कपाळाला हात लावून बसला.

"एवढी चांगली टाइल गेली वो आई!"

"माह्या हाताचं एवढं वाईट वाटलं होतं का रे तुले?" कुसुमताईंनी विचारलं. भूषण ड्रिलची वायर गुंडाळू लागला.

त्या दुपारी सून रेणू त्यांचे केस विंचरत होती. एका हाताने त्यांना वेणी घालता येत नव्हती. विंचरता विंचरता रेणू हळूच म्हणाली, "आई, मीबी पडली होती तिथं."

"कधी?"

"गोलू पोटात होता तवा. नळ हाती आला म्हणून वाचली. कमरेवर आपटली, पण निभावलं."

कुसुमताईंनी मान वळवली, कंगवा केसांत तसाच अडकून राहिला. "अन् सांगतलं काहून नाई?"

"सांगून काय झालं असतं? मलेच बोलले असते. तुमाले बोलून राहिले तसे."

 नातवाच्या जिवावर बेतलं होतं आणि घरात कोणाला पत्ता नव्हता, कारण दोष पडणारीलाच लागणार होता. केस मोकळे सोडून त्या तशाच उठल्या आणि बैठकीत आल्या.

"भूषण, ते फरशी काढ."

"आई, काही काय बोलतं? अजून नवीसारखी आहे ते!"

"काढ म्हणतो न मी."

लक्ष्मणरावांनी वर्तमानपत्र खाली केलं. "पडली तू, अन् फोडायची फरशी?"

"हो. तेच फोडायची."

बरीच वादावादी झाली. अखेर भूषण नाइलाजाने म्हणाला, "बरं, मी पाहतो दुसरी."

"तू नको पाहू. आम्ही जातो."

दुसऱ्या दिवशी सासू-सून भंडाऱ्याला गेल्या. टाइल्सच्या दुकानातल्या पोराने आधी त्यांच्या मागे पाहिलं. "भाऊ नाई आले सोबत?" मग त्याने चकाकणाऱ्या टाइल्सच दाखवायला घेतल्या. कुसुमताईंनी पाणी मागितलं.

"थंड देऊ का साधं?"

"प्यायले नाई. फरशीवर टाकायले."

तो मालकाकडे बघू लागला. मालक म्हणाला, दुकानात पाणी सांडत नसतात. रेणूने आपल्या पिशवीतली बाटली काढली, साबणाची वडी काढली, आणि दाराबाहेरच्या ओट्यावर नमुने मांडायला लावले. येणारे-जाणारे थांबून पाहू लागले. कुसुमताईंनी चपला काढल्या. रेणूचा दंड धरून त्या एकेका टाइलवर उभ्या राहू लागल्या.

पहिलीवर पाय घसरत नाही, असं तिच्या खोक्यावरच छापलेलं होतं. साबण लागताच पाय सटकला.

"लिहून आहे न मावशी त्याच्यावर," पोरगा म्हणाला.

"लिहून असंल. पाय तर गेला न."

दुसरी अंगणात गाड्या उभ्या करतात तिथली होती, चांगली खरखरीत. तिच्यावर पाय हलेना, पण कुसुमताईंच्या भेगाळलेल्या टाचांना ती बोचली. रेणूने वरून हात फिरवला आणि नाक मुरडलं. "याच्यात मळ बसला तर घासू घासू मी मरन." पोरगा आता उघड वैतागला होता. कुसुमताईही वैतागल्या होत्या. प्लास्टरमधला हात ठणकत होता. पण त्या हटल्या नाहीत. शेवटी तळहाताएवढ्या, राखाडी, चमक नसलेल्या टाइल्स निघाल्या. त्यांचे सांधे जवळजवळ येत होते, ओल्यातही बोटांना धर मिळत होता, आणि रेणूच्या हाताला त्या गुळगुळीत नाही तरी मऊ लागल्या.

"हेच," दोघी एकदमच म्हणाल्या.

भूषणने पाहून तोंड वाकडं केलं. "बसस्टँडवर असते तसली वाटते." तरी ईश्वर मिस्त्रीला बोलावलं. फरशी बसली, वाळली. कुसुमताईंनी बादलीभर पाणी ओतलं, तर पाणी जाळीकडे न जाता नळाखालच्या कोपऱ्यात थबकलं.

"थोडंसंच तर आहे बाई," ईश्वर म्हणाला, "वायपर मारून घेत जा."

"वायपर मारता मारता पडायचं का मंग? उतार बरोबर कर."

"आई, जाऊ दे न आता," भूषण कळवळला.

कुसुमताईंनी दारात खुर्ची टाकली. कोपरा उकरून पुन्हा उतार धरेपर्यंत त्या उठल्या नाहीत. इतके दिवस सगळं घर रुखमिणीकडे आंघोळीला जात होतं, आणि रुखमिणीही आता कंटाळली होती.

प्लास्टर निघाल्यावर तुमसरहून लक्ष्मणरावांचे मावसभाऊ भैयाजी आले. आंघोळ करून, टॉवेलने डोकं पुसत ते म्हणाले, "वा! पाय कसा जमून राहते तुमच्या बाथरूमात. आमच्या घरी तर भिंत धरू धरू जा लागते."

"आईसाठी खास पाहून आणली," भूषण म्हणाला.

स्वयंपाकघरात कुसुमताईंच्या हातातलं लाटणं थांबलं. रेणूने डोळ्यांनीच जाऊ द्या म्हटलं.

"कोणतं दुकान रे, भूषण?" भैयाजींनी विचारलं. "नाव सांगून ठेवजो."

भूषणने स्वयंपाकघराकडे पाहिलं. त्याने दुकान पाहिलंच नव्हतं. कुसुमताई पीठभरल्या हातांनी दारात आल्या.

"त्याले काय विचारता भैयाजी? रेणूले विचारा. फरशी आम्ही दोघींनी आणली."

रेणूने चुलीपाशी बसूनच दुकानाचं नाव सांगितलं. आणि जाताना साबण सोबत न्या, असंही सांगितलं.