भरावाच्या आतली तिवरं

सरस्वती हिलमने बारावीनंतर कॉलेजात नाव घातलं, तेव्हा ही नक्की काय शिकणार हे कातकरीवाडीत कुणालाच कळलं नाही. कॉलेज पनवेलच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला होतं. एका ट्रस्टने आदिवासी मुलांसाठी चालवलेलं, पत्र्याच्या तीन खोल्यांचं. विषयाचं नाव मात्र खोल्यांपेक्षा लांब होतं, 'नैसर्गिक साधनसंपत्ती आणि संवर्धन'. तिच्या आईने, गोजराने, एकदाच विचारलं, "म्हंजी काय गं?"

"जंगल, पानी, माती राखायची कशी, ते."

"आनि ती हायत कुठं राखायला?" असं म्हणून गोजरा चिंबोऱ्यांची टोपली उचलून सीवूड्सच्या नाक्यावर विकायला गेली.

वाडी उलव्याच्या पलीकडे, खाडीला लागून होती. घरांच्या मागे तिवरांचं दाट रान. भरतीचं पाणी त्यात शिरायचं, ओहोटीला चिखल उघडा पडायचा, आणि गोजरा त्या चिखलात कोपरापर्यंत हात घालून चिंबोऱ्या काढायची. त्यावरच सरस्वती लहानाची मोठी झाली होती. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना न्हावा शेव्याच्या रस्त्याकडून डंपर यायला लागले. कंटेनर ठेवायला यार्ड होणार होतं. त्याच्या रस्त्यासाठी खाडीच्या तोंडावर मातीचा भराव पडला, आणि पाणी पलीकडेच अडलं.

शेवटच्या वर्षाला धम्मपाल सरांनी वर्गाला सांगितलं, "आपापल्या गावचा विषय घ्या. पुस्तकातलं उतरवून आणू नका." सर परभणीकडचे, कंत्राटी नोकरीवरचे. सरस्वतीने घरामागची तिवरं घेतली. पानं पिवळी पडत होती, चिखलाला भेगा गेल्या होत्या. गोजरा आता पार करावेच्या खाडीवर जायची आणि अर्धी टोपली घेऊन परत यायची.

एका रविवारी सर मोटारसायकलवरून वाडीवर आले. त्यांनी एका झाडाची साल नखाने खरवडली. आत हिरवं होतं.

"जिवंत आहे गं अजून," ते म्हणाले. "पाणी आत आलं तर वाचेल हे सगळं."

त्या एका वाक्यावर सरस्वतीने पुढचे महिने काढले. दोघांनी मिळून तक्रार केली, खेटे घातले. शेवटी एक सरकारी समिती पाहणीला आली. समितीच्या प्रमुख वैजयंती मॅडम चांगल्या बाई होत्या. त्यांनी सरस्वतीला पुढे बोलावलं, सगळं ऐकून घेतलं आणि तिथेच उभ्या उभ्या सांगितलं, की भरावाखालून मोठा पाइप टाका, पाण्याला वाट द्या. त्या दिवशी गोजराने पहिल्यांदा लेकीच्या शिक्षणाबद्दल शेजारणीला आपणहून काहीतरी सांगितलं.

पाइप आला. माणूस वाकून आत शिरेल एवढा. पुनवेच्या भरतीला, भर दुपारी, सगळी वाडी भरावावर येऊन उभी राहिली. पाणी चढत आलं. पाइपच्या तोंडाखाली वीतभर अंतरावर येऊन थांबलं. बराच वेळ तिथेच डुचमळत राहिलं आणि मग ओसरायला लागलं.

"पाइप वर बसलाय," सरस्वती म्हणाली.

यार्डाचा सुपरवायझर सुधीर छत्री घेऊन उभा होता. "पाइप टाका सांगितलं, टाकला. किती खाली ते कोन बोललं होतं? आता मला नका टेन्शन देऊ."

दुसऱ्या दिवशी भरतीच्या आधी सरस्वती फावडं घेऊन भरावावर गेली आणि पाइपच्या बाजूला चर खणायला लागली. थोड्या वेळाने गोजरा आली, मागोमाग वाडीतल्या बायका. सरांना कुणीतरी फोन केला, तेही आले आणि शर्टाच्या बाह्या सारून कुदळ मारायला लागले. पाणी चढलं तेव्हा हातभर रुंदीच्या त्या चरातून एक धार आत गेली. सुकलेल्या चिखलावर पसरली, भेगांत मुरली. बायका हसायला लागल्या. गोजरा ओल्या मातीत बसूनच राहिली.

संध्याकाळच्या आत पोकलेनने चर बुजवला. पोलिसांनी सरस्वतीला आणि सरांना चौकीवर बसवून ठेवलं आणि समज देऊन सोडलं. ट्रस्टवाल्यांनी सरांना बोलावून घेतलं. कॉलेज देणग्यांवर चालतं, असले प्रकार परवडत नाहीत, एवढंच ते म्हणाले. सरांचं कंत्राट संपत आलं होतं, ते वाढवलं नाही. पुढच्या वर्षी त्या विषयाला कुणी प्रवेश घेतला नाही, मग विषयच बंद झाला.

पावसाळ्यानंतर वैजयंती मॅडम पुन्हा पाहणीला आल्या. तोवर तिवरं उभ्या उभ्या वाळून राखाडी झाली होती. सरस्वतीने एका झाडाची साल खरवडली, मग दुसऱ्याची. सगळीकडे कोरडं लाकूड.

"मॅडम, मागच्या वेळेला तुमीच बघितली ना? हिरवी होती."

"बघितली होती गं." मॅडमनी मान खाली घातली. "पण आज काय आहे ते लिहावं लागतं मला. जिवंत झाडं नाहीत म्हटल्यावर जागेला संरक्षण कसलं मागू?"

त्या गाडीत बसून गेल्या. महिन्याभरात यार्डाचं कुंपण वाडीच्या मागे दहा-वीस पावलांवर येऊन टेकलं.

सरस्वती पहिल्या वर्गात पास झाली. आता ती महाप्याला एका कारखान्यात खोकी बंद करायच्या कामावर जाते. मधे सरांचा परभणीहून फोन आला होता. "पुढे शिकशील ना?" त्यांनी विचारलं.

"बघू सर," ती म्हणाली.

परवा सुट्टीच्या दिवशी गोजरा कुंपणाच्या अलीकडे उरलेली तिवरं कोयत्याने तोडत होती. सरस्वती मागच्या दारातून बघत राहिली.

"आये, ती तोडू नको."

"का? मेलेलीच हायत. चूल तरी पेटंल." गोजराने मोळी बांधली. मोळी मोठी झाली होती, एकटीला उचलेना. "बघत काय ऱ्हायलीस? हात लाव."

सरस्वतीने चपला घातल्या आणि हात लावायला गेली.