फियाटच्या डिकीतली रिकामी पेटी

मित्रांनो, स्वस्थ बसणे माझ्या नशिबातच नाही. मी एक जुना वूफर आहे. गाण्यातला जाड, खोल, पोटात उतरणारा आवाज काढणारा स्पीकर म्हणजे वूफर. तुम्ही नुसती मान डोलावता, तेव्हा माझा कागदी पडदा पुढे-मागे धावून धावून दमलेला असतो. आज मी वाशीच्या एका फ्लॅटमध्ये भिंतीला टेकून उभा आहे. कोणी मला वाजवत नाही. तरी आतून काहीतरी हलत राहते, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यातला. कागदाचा पडदा, त्याच्या पाठीला तांब्याच्या तारेची कॉइल आणि तिच्याभोवती जडशीळ लोहचुंबक, एवढाच माझा संसार. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात मी बरेच दिवस पडून होतो. येणारे प्रत्येक गिऱ्हाईक माझ्या पडद्यावर टिचकी मारून बघे. अहो, मी काय कलिंगड आहे? मग एक दिवस नंदकुमार आले. त्यांनी टिचकी मारली नाही. दोन्ही हातांची बोटे पडद्याच्या कडेला ठेवून, डॉक्टर पोट दाबून पाहतो तसे त्यांनी मला हलकेच दाबून पाहिले. याच माणसाने मला घ्यावे, असे मला तेव्हाच वाटले, आणि झालेही तसेच.

नंदकुमार शिरवण्याजवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. वाशीला सिडकोचा फ्लॅट आणि खाली उभी एक जुनी फियाट. घरात ते, त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई आणि साताऱ्याकडच्या गावाहून नुकतेच आणलेले वडील, आबा. मला विकत घेतले ते या आबांसाठी.

आबांनी गावच्या भजनी मंडळात जन्मभर पखवाज वाजवला होता. आता त्यांचे कान गेले होते. बायकामुलांचा बारीक आवाज त्यांना अजिबात ऐकू येत नसे. पण खालचा, जाड आवाज मात्र अजून पोचत असे. नव्या इमारतीत ओळखीचे कोणी नाही, बोलावे तर समोरच्याचे ऐकू येत नाही. आबा दिवसभर गॅलरीतून दारापर्यंत आणि दारापासून गॅलरीपर्यंत फेऱ्या घालत. नंदकुमारांनी गावच्या भजनाची एक कॅसेट भरून आणली होती. तिच्यात आबांचा पखवाज होता आणि त्यांचा जिवाभावाचा सोबती गोटीराम गात होता. गोटीराम तर आता या जगात नव्हता. घरच्या टेपरेकॉर्डरवर ती कॅसेट लावली की आबा कान लावून बसत आणि म्हणत, "नुसतं माशी घोंगावल्यागत येतंय, नंद्या."

म्हणून गाडीत मोठा आवाज बसवायचे ठरले. त्यासाठी मला पेटी करायची होती. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून नंदकुमारांनी पत्नीला समजावले, "पेटीला पुढून भोक ठेवलं तर आवाज दणदणीत येईल."

"मग ठेवा की."

"पण मग जाड ठोक्याला पडद्यामागे हवेचा आधार राहत नाही. तो उधळतो आणि फाटतो. पेटी सगळीकडून बंद ठेवली तर आत कोंडलेली हवा त्याला उशीसारखी सांभाळते. थोडा कमी घुमला तरी चालेल, पण टिकला पाहिजे."

"म्हणजे एवढी मोठी पेटी, आणि आत काय?"

"काही नाही. हवा."

"नुसती हवा?" सरोजिनीबाईंनी असे काही विचारले की मी तिथेच ओळखले, पुढे काहीतरी होणार.

मित्रांनो, त्यांचाही दोष नव्हता. गिरगावातल्या चाळीत, दोन खोल्यांत वाढलेली ती बाई. पलंगाखाली ट्रंका, ट्रंकांत पातेली, पातेल्यांत वाट्या. रिकामी जागा म्हणजे पाप, हेच त्यांना लहानपणापासून ठाऊक.

पेटी जाड प्लायवूडची झाली. सांधे सरसाने बुजवले. मग नंदकुमारांनी माझ्यासाठी दोन फिल्टर बसवले. स्वतः हाताने गुंडाळलेली तारेची कॉइल बारीक आवाज अडवी, म्हणजे माझ्या वाट्याला फक्त माझे काम येई. दुसरा, मोठ्या कंडेन्सरचा, खड्ड्यांतून आणि टेपच्या मोटरमधून येणारी, कोणाला ऐकूही न येणारी थरथर बाहेरच थोपवी. असे दोन राखणदार दाराशी आणि पाठीशी हवेची उशी, यापेक्षा मला आणखी काय हवे होते?

पहिल्या रविवारी सगळे सारसोळ्याच्या खाडीकाठी गेले. मागच्या सीटवर आबा, त्यांच्या पाठीमागे डिकीत मी. कॅसेट लागली आणि पखवाजाचा ठोका पडला, धुम! आबांची पाठ ताठ झाली. त्यांनी सीटवर तळवा ठेवला, डोळे मिटले.

"माझाच हात!" ते ओरडले. "नंद्या, ह्यो माझा हात हाय!"

गोटीरामचे गाणे त्यांना ऐकू येत नव्हते. पण आपल्या ठेक्यावरून गाणे कुठे आले हे त्यांना बरोबर कळे, आणि तिथे ते स्वतःच गोटीरामची ओळ म्हणत. भसाड्या आवाजात, पण म्हणत. मला तर धन्य वाटले. त्यानंतर रोज सकाळी आबा खाली येऊन उभ्या गाडीत बसू लागले. गॅलरीतल्या फेऱ्या थांबल्या.

पुढे नंदकुमार कारखान्याच्या कामाला बडोद्याला गेले आणि सरोजिनीबाईंनी पोपट सुताराला बोलावले.

"आत काय हाय, वहिनी?" पोपटने पेटीवर थाप मारत विचारले.

"काही नाही हो. नुसती रिकामी जागा अडवून बसलीय. मागनं एक दार करून द्या, सतरंजी न् थर्मास तरी राहील."

"काय टेन्शन नाय. आत्ता मारतो."

मी ओरडलो असतो, पण तार लावल्याशिवाय मला तोंड कुठले? करवत माझ्या पाठीमागून फिरली. पोपटने दार चांगले सफाईने बसवले, बिजागऱ्या लावल्या, कडी लावली. पण दाराभोवती फट ती राहिलीच. आत सतरंजी आली, थर्मास आला, छत्र्या आल्या. हवेची उशी गेली. सरोजिनीबाई मात्र खूश होत्या. नवऱ्याला चकित करायचे म्हणून त्यांनी कोणाला काही सांगितलेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा येऊन बसले. सरोजिनीबाईंनी पुढे बसून कॅसेट लावली. ठोका आला, मी जोर लावला, पण माझ्या पाठीला टेकायला काहीच नव्हते. पडदा भलताच पुढे गेला, सैल पडला. धुमच्या जागी भप असा पोकळ आवाज निघाला.

आबांनी सीटवर तळवा दाबला. मग दुसराही दाबला.

"मोठा कर की, सूनबाई."

त्यांनी मोठा केला.

"अजून."

त्यांनी बटण शेवटपर्यंत फिरवले. माझी कॉइल मागच्या लोखंडावर आपटू लागली आणि पडद्याच्या कडेला चर्रकन फाटले. राखणदार फिल्टर नसते तर मी त्याच दिवशी संपलो असतो.

आबांनी हात उचलून घेतला. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "उरल्यालं बी गेलं."

मित्रांनो, हे मी कसे सोसले ते माझे मला ठाऊक. आबा, तुमच्या कानांना काही झालेले नाही, माझी पेटी फुटली आहे, एवढेच मला सांगायचे होते. पण सांगणार कसे? आबा परत खाली आले नाहीत. वरून त्यांच्या काठीचा आवाज माझ्यापर्यंत येत असे. गॅलरी ते दार, दार ते गॅलरी. सरोजिनीबाई डिकीतून छत्री काढायला येत तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले दिसत. आबांचे कान गेले म्हणून त्या रडत होत्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, हे त्या बिचारीला माहीतच नव्हते.

एक दिवस त्यांनी हट्टाने आबांना खाली आणले. "एकदाच, आबा! शेवटचं!" त्यांच्या कानाशी ओरडून त्या पुढे बसल्या आणि कॅसेट लावली. आबा मात्र गाडीत बसेनात. ते मागे, उघड्या डिकीपाशी टेकून उभे राहिले. त्यांचा हात सहज माझ्या पेटीच्या दारावर पडला.

मी जीव खाऊन ठोका दिला.

आबांनी हात काढला, परत ठेवला. बोट दाराच्या फटीवर आणले.

"सूनबाई! हिथनं वारं येतंय!"

"काय?"

"वारं! ठोका पडला की हिथनं वारं भायेर येतंय!" आबांनी कडी काढली, सतरंजी ओढली, थर्मास ओढला. "ह्ये कुनी भरलं ह्यात? पखवाजाच्या पोटात कुनी सामान ठिवतं व्हय?"

सरोजिनीबाई कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. "आबा, मीच. मला वाटलं रिकामंच आहे." आबांना ते ऐकू आले नाही, पण चेहरा बघून सगळे कळले.

"रडू नगंस. जा, कनीक आन. पोळ्याची असंल ती. जरा पानी घाल तीत."

पखवाज वाजवणारे डाव्या बाजूला ओली कणीक लावतात. त्याशिवाय तो घुमत नाही. आबांच्या बोटांना तर हे काम पाठच होते. त्यांनी फटीत कणीक दाबून दाबून भरली, चारी बाजूंनी अंगठा फिरवला. खालून जाणारी माणसे थांबून बघत होती. बघोत! माझ्या पाठीशी हवा पुन्हा जमू लागली.

"आता बारीक लाव. लई मोठा नगं."

धुम.

फाटक्या पडद्यामुळे मी जरा घोगरा झालो होतो. पण तो आबांचाच हात होता. आबा गुडघे टेकून डिकीशी बसले, पेटीला गाल लावला आणि गोटीरामची ओळ म्हणू लागले. सरोजिनीबाईंना गाणे येत नव्हते, तरी त्याही म्हणू लागल्या.

बडोद्याहून परतल्यावर नंदकुमारांना डिकीत वाळकी कणीक आणि मुंग्यांची रांग दिसली. सगळे ऐकून ते हसले. त्यांनी ते दार स्क्रू मारून, पुट्टी भरून कायमचे बंद केले. माझ्या पडद्याला तलम कापडाची पट्टी चिकटवली. आणखी तीन-चार वर्षे मी आबांसाठी वाजलो.

पुढे आबा गेले. फियाट विकली गेली, पण मला पेटीसकट वर आणले. आता मी बैठकीच्या खोलीत आहे आणि माझ्यावर एक फुलदाणी आहे. एका कोपऱ्यातल्या सांध्यात कणकेचा एक वाळका कण अजून राहिला आहे.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. यंत्र बिनसले तर त्यावर जोर करू नका, आधी त्याच्या पाठीमागे हात लावून बघा. आणि घरातले म्हातारे माणूस ऐकू येत नाही म्हणाले, तर लगेच त्याच्या कानांना दोष देऊ नका.

परवाच शेजारच्या मीनाताई आल्या होत्या. पेटीवर थाप मारून म्हणाल्या, "वहिनी, आत केवढी जागा आहे! गोधड्या तरी ठेवा."

सरोजिनीबाई उठल्या आणि त्यांनी पदराने माझ्यावरची धूळ पुसली.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "ती भरलेली आहे."