सुकीच्या पत्राची मागची बाजू

वर्डेलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या काचेच्या पेटीपाशीच. थॉर्नलींच्या जुन्या घरातल्या प्रदर्शनाचं आज उद्घाटन होतं. पेटीत सुकीचं पत्र, आणि खाली सोनेरी पाटी: 'विश्वासू मोलकरणीचं थॉर्नली घराण्यावरचं प्रेम.'

"मोलकरीण म्हणे!" आईच्या चाकाच्या खुर्चीमागे उभी राहून ती फणकारली. "विकत घेतलेल्या बाईला मोलकरीण म्हणतात होय?"

"हळू बोल," इझोरा म्हणाली. नव्वदी उलटलेली बाई, डोळे जवळपास गेलेले. "कुठली बाजू लावलीय गं?"

"पुढची, ममा. दुसरी कुठली लावतायत!"

सुकी म्हणजे इझोराच्या पणजीची आई. अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या काळात थॉर्नलींनी तिला रिचमंडला परक्या घरी राबायला धाडलं आणि तिच्या माघारी तिची धाकटी पोर विकून टाकली. चोरून लिहायला शिकलेल्या सुकीनं मग धन्याला पत्र लिहिलं. पुढच्या बाजूला नुसती खुशाली, कारण त्याशिवाय धन्यानं कागद हातात धरला नसता. खरं काय ते मागे. सुकीच्या लेकीनातींनी ते तोंडपाठ ठेवलं. दर ऑगस्टात चर्चच्या मेळाव्यात घरातली थोरली बाई ते सगळं म्हणते, आणि तिचं होईपर्यंत तळलेल्या चिकनला कुणी हात लावत नाही. आता थोरली इझोरा. मरण्याआधी तो कागद चारचौघांत उलटलेला हवा, एवढीच तिची इच्छा. गोऱ्यांनी आजवर त्याला बायकांची दंतकथा म्हणून उडवून लावलं होतं.

आणि कागद कुणाच्या हातात? मिस ऑगस्टा थॉर्नलीच्या. घराण्याची सगळी दप्तरं तिनं इतिहास मंडळाला दिली ती अट घालूनच: काय दाखवायचं, काय नाही, ते ती ठरवणार. वर्डेलानं तिच्याकडे किती खेटे घातले! दर वेळी तेच साळसूद उत्तर. कागद जीर्ण आहे, उलटला तर तुकडे होतील, मागे काही लिहिलंय का ते आमच्या घरात कुणी कधी पाहिलेलंच नाही.

मिस ऑगस्टा आली. मोत्यांची माळ, हातात काठी, पाठ ताठ. मंडळाचे अध्यक्ष मिस्टर हॅडली स्वागताला उठले आणि म्हणाले, की हे घर थोरल्या नथॅनिएल थॉर्नलींनी बांधलं.

"धाकट्या," मिस ऑगस्टा जागेवरूनच म्हणाली. "थोरल्यानं नुसती जमीन घेतली."

लोक कौतुकानं हसले. घराण्याबद्दल कुणी तसूभर चुकलं तरी तिला खपत नसे, आणि समोर पाद्री असो की गव्हर्नर, ती त्याला तिथल्या तिथे दुरुस्त करी. मग तिनं पत्राची पुढची बाजू वाचली. "धनीसाहेब, आपली प्रकृती बरी असेल अशी आशा करते. घरातल्या लहानथोरांची मला रोज आठवण येते." एका बाईनं चक्क डोळे पुसले. टाळ्या पडल्या.

वर्डेलाला ते सहन होईना. "आता मागचं वाचा!"

टाळ्या थांबल्या. मिस्टर हॅडली घाईनं पुढे आले. "मॅडम, कागद फार नाजूक आहे हो..."

"कागद नाजूक! आणि जिची पोर ओढून नेली ती बाई काय दगडाची होती?"

"अगं इझोरा," मिस ऑगस्टा गोड आवाजात म्हणाली, "लेकीला जरा आवर. आजच्या दिवशी हे शोभतं का?"

पुन्हा ते 'अगं'! आपल्याहून दहा वर्षांनी मोठ्या बाईला! वर्डेलाच्या मुठी वळल्या. पण इझोरानं हात वर केला आणि मेळाव्यात म्हणते तशी, सावकाश म्हणायला लागली.

"माझी फिबी कुणाला विकलीत, तेवढं कळवा. मी परत मागत नाही. गाव कळवा. अंधारात ती भिते, तिथल्या कुणाला तरी ते सांगा. नेली तेव्हा तिच्या अंगावर पिवळा झगा होता..."

पिवळा? जन्मभर ऐकलेलं पत्र, आणि ममा आजच चुकली! आता हे लोक म्हणणार, बघा, म्हातारीच्या मनचे खेळ सगळे. खाली वाकून ती आईच्या कानात सांगणार, तोच समोरून काठी आपटली.

"निळा," मिस ऑगस्टा म्हणाली. "झगा निळा होता."

आपण काय बोललो ते मिस ऑगस्टाला मागाहून कळलं. तिनं तोंडावर हात नेला, पण आता काय उपयोग? मिस्टर हॅडली तिच्याकडे बघतच राहिले.

इझोरानं मान वळवली, अंदाजानं, आवाजाच्या दिशेनं. आयुष्यभर तिनं या बाईला 'मिस' लावल्याशिवाय हाक मारली नव्हती.

"निळाच होता," ती म्हणाली. "फिबीच्या थोरल्या बहिणीनं, माझ्या पणजीनं शिवलेला. पण तुला कसं ठाऊक गं, ऑगस्टा?"