सृष्टीचा पाच सेकंदांचा कॉम्प्युटर

सृष्टीचा कॉम्प्युटर बरोबर पाच सेकंद चालायचा. बटण दाबलं की पंखे घुमायचे, दिवे लागायचे, आणि आता काहीतरी दिसेल म्हणेपर्यंत सगळं चिडीचूप. मग दोन मिनिटं थांबायचं, पुन्हा बटण, पुन्हा पाच सेकंद. अख्ख्या मंद्रूप गावात इतकी वक्तशीर वस्तू दुसरी नसेल.

बरं, हा काही तयार आणलेला नव्हता. सोलापुरात सात रस्ता चौकात अमृतचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, तिथून एकेक भाग पारखून घेऊन तिनं तो घरी चादरीवर मांडून स्वतःच्या हातानं जोडला होता. त्यामुळे तो बंद पडला की लोक कॉम्प्युटरकडे न बघता तिच्याकडेच बघायचे. वडील बिरप्पा मेंढरांकडे निघताना रोज न चुकता विचारायचे, "आज तरी तग धरला का त्येनं?"

चेष्टा तिनं गिळली असती. पण शनिवारी पाचच्या आत एका चादर कारखान्याला नक्षी पाठवायची होती. पसंत पडली तर घरबसल्या काम मिळणार, नाहीतर सोमवारी पुण्याच्या कंपनीत हजर व्हायचं, असं घरात ठरलं होतं. सृष्टीला पुण्याला जायचं नव्हतं. आई फुलाबाईला तर लेक जायला नकोच होती, पण तसं बोलून दाखवणाऱ्यातली ती बाई नव्हे. ती फक्त आठ दिवस लेकीच्या आवडीच्याच भाज्या करत होती.

उपाय सांगायला गावात कुणी कमी नव्हतं. एकानं व्होल्टेजवर खापर फोडलं, दुसऱ्यानं अर्थिंगवर. चुलत्यांच्या फ्रिजचा स्टॅबिलायझर आणून जोडला, तर फ्रिज बंद आणि कॉम्प्युटरही बंद. रॅम काढून खोडरबरनं घासून झाली. शेवटी शनिवारी सकाळी ते धूड मांडीवर घेऊन सृष्टी वडापच्या जीपमध्ये बसली आणि सात रस्त्याला उतरली.

अमृतनं पुढचं झाकण उतरवलं, त्यावरच्या बटणाची वायर काढली आणि आतल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं. कॉम्प्युटर सुरू झाला आणि तासभर शहाण्यासारखा चालला. मग त्यानं वायर जोडून झाकण परत बसवलं.

"ताई, ह्याला काय धाड भरलीय? उगंच आणलात. तुमच्या गावच्या लाईटीतच घोळ असंल."

दुपारी एकला घरी येऊन तिनं बटण दाबलं. पाच सेकंद. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

राग आला की तिचं डोकं चांगलं चालायचं. अमृतनं असं काय केलं, जे आपण करत नाही? त्यानं बटणाला हातच लावला नव्हता. तिनं झाकण काढून बटण उलटून बघितलं. आत पिवळाधमक, घट्ट, तेलकट थर बसला होता.

बिरोबाचा भंडारा. रोज सकाळी देवपूजा झाली की फुलाबाई तेलाचा अंगठा त्या हळदीत बुडवून कॉम्प्युटरला लावायची, तोही नेमका बटणावर, कारण तो जागा होतो तिथूनच. बिघडल्यापासून तर सकाळ-संध्याकाळ. आत गेलेलं बटण त्या लगद्यात अडकायचं आणि सावकाश वर यायचं. बटण दाबून धरलंय म्हणजे बंद कर, एवढंच कॉम्प्युटरला कळत होतं, आणि तो बिचारा ऐकत होता.

तिनं त्या बटणाची वायर काढली आणि शेजारच्या रीसेटच्या बटणाची तिथं जोडली. पाच सेकंद झाले, दहा झाले, मिनिट झालं. मग तिनं एकही क्षण न घालवता नक्षी पुरी केली आणि साडेचारला पाठवून दिली. सहाच्या सुमाराला कारखान्यातून फोन आला. नक्षी पसंत होती.

"म्या म्हनलं न्हवतं?" फुलाबाईचा चेहरा उजळून गेला. "दोन टायमाला भंडारा लावत हुते. द्येव बघतोय की."

वायर ढिली होती, असं सांगून सृष्टीला सुटता आलं असतं. पण उद्या सकाळी तोच अंगठा नव्या बटणावर आला असता. तिनं आईला शेजारी बसवलं आणि बटण दाखवून सगळं सरळ सांगितलं.

फुलाबाईनं ते हातात घेतलं, दाबून पाहिलं. ते आत गेलं आणि आतच राहिलं.

"म्हंजी इतकं दिस मीच तुला पुन्याला धाडत हुते व्हय गं?"

आईबद्दल इतकी माया सृष्टीला कधी वाटली नव्हती. ती उठली, देवापुढची भंडाऱ्याची वाटी घेऊन आली आणि आईपुढं डोकं वाकवून बसली.

"मशीनला ऱ्हाऊ दे. हितं लाव."

फुलाबाईनं अंगठा पदराला पुसला. चिमूटभर भंडारा घेतला, लेकीच्या कपाळाशी नेला आणि तिथंच थबकली.

"हितं काय अडकत न्हाय न्हवं?"

"न्हाय," सृष्टी म्हणाली. "लाव की."